मुलगी असल्याचे सहा टक्के

प्रिय मूल्यांकनकार साहेब,

म्हणजे तूच. इतकी वर्षं ऑफिसात चारचौघांसमोर 'साहेब' म्हणत आले आणि घराचा जिना चढला की 'तू'. आज मुद्दाम ऑफिसातलं नाव काढलं, कारण माझं जे काही भांडण आहे ते त्या माणसाशी आहे. नवऱ्याशी असतं तर फोन केला असता. पण फोनवर तुझं एक ठरलेलं आहे. मी दोन वाक्यं बोलले की तू मुद्दा काय म्हणून विचारतोस, आणि मुद्दा सुरू केला की समोर कुणीतरी थांबलेलं असतं. पत्राला मधेच तोडता येत नाही. फार तर घडी घालून खिशात ठेवशील, पण अर्धवट वाचलेला कागद खिशात असला की तुला चैन पडत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा कामासाठी उतरला आहेस त्या गेस्टहाऊसच्या खुर्चीत नीट बस, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

आधी घरची खबर. स्वयंपाकघरातला नळ तू जाताना दुरुस्त करून गेलास, त्यामुळे आता तो दोन ठिकाणी गळतो. प्लंबरला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि हे कुणी केलं असं विचारलं. मी म्हटलं, आधीच्या भाडेकरूने. या घरात पहिल्यापासून आपणच राहतो हे त्याला माहीत आहे, पण सभ्य माणूस, मान डोलावली आणि पाना काढला. तुझ्या ताईंचा, म्हणजे आमच्या वन्संचा, फोन रोज सकाळी मी भाजी चिरायला घेतली की येतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी आपल्या लेकीकडची, भिंगरीकडची, भाड्याची खाट नेली होती, घरचा दर लाव म्हणून पोरीशी घासाघीस केली होती, आणि वर गादी टणक आहे म्हणून तक्रारही केली होती. त्याच वन्सं आता मला सांगतात, तुम्ही नवरा-बायको हिशोब कसले करत बसता, पोरीला पैसे देऊन टाका. वन्सं आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलल्या आणि मला 'हो' म्हणावं लागलं. याचाही राग तुझ्याच नावावर मांडून ठेवला आहे.

आता तुझ्या अहवालात असते तशी पार्श्वभूमी लिहिते. तुला सगळं माहीत आहे, पण तू ते विसरल्यासारखा वागतोस म्हणून. अर्जदार आपली एकुलती एक लेक, घरातलं नाव भिंगरी, कारण लहानपणी एका जागी बसायची नाही आणि अजूनही बसत नाही. धंदा म्हणशील तर आजारी माणसांच्या घरी दवाखान्यातल्यासारख्या खाटा भाड्याने देणं, बटण दाबलं की डोक्याकडून उचलल्या जाणाऱ्या. सोबत वॉकर, चाकाच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या. माणूस बरा झाला की खाट परत येते, नाही झाला तरी परत येते. ती धुऊन, तेलपाणी करून पुढच्या घरी जाते. मागणी एवढी की खाटा पुरत नाहीत. म्हणून तिला आणखी खाटा घ्यायच्या होत्या, शेजारचा गाळाही घ्यायचा होता, आणि त्याला चाळीस लाख लागणार होते. बँक द्यायला तयार होती. पण बँकेच्या आधी ती आपल्याकडे आली. कर्ज नको म्हणाली, भागीदार व्हा म्हणाली.

तो रविवार आठवतो ना? इस्त्रीचा शर्ट घालून आली आणि स्वतःच्या घराची बेल वाजवून आत आली. जेवणाचं टेबल पुसलं, कागद मांडले, आपल्या दोघांपुढे पाण्याचे पेले ठेवले, जणू आपणच तिच्या ऑफिसात आलो होतो. पाच वर्षांचे आकडे तिने स्वतः काढले होते. मी कडेने बघत होते, एका ओळीतही तिने हवेत इमले बांधले नव्हते. पहिल्या वर्षी नव्या खाटांपैकी निम्म्या रिकाम्याच राहतील असं धरलं होतं. अशी सावध पोरगी कुणावर गेली हे मी सांगायला नको. तू सगळं ऐकून घेतलंस, कागद उचललेस आणि 'कळवतो' म्हणालास. पोटच्या पोरीला, कळवतो. मी तेव्हाच ओळखलं की आता काहीतरी निघणार.

ऑफिसात आपली कामाची वाटणी काय आहे? धंद्यात येत्या वर्षांत किती पैसे येतील आणि किती जातील, त्या रांगा मी मांडायच्या. मग तू दर लावायचास. पुढच्या वर्षी मिळणारे शंभर आज शंभर नसतात. वाट बघावी लागते आणि मिळतील की नाही ही धाकधूक असते, त्या दोन्हींचं कापून घेतलं की उरेल ते आजचं मोल. नवीन लागलेल्या प्रत्येकाला तू हे पहिल्या दिवशी शिकवतोस, मला पाठ झालं आहे. धाकधूक जास्त तर दर मोठा, आणि दर मोठा असला की लांबची वर्षं कवडीमोल होतात. दहा वर्षांनी मिळणारे शंभर अठरा टक्क्यांनी कापले तर आज एकोणीस तरी भरतात. चोविसाने कापले तर बारासुद्धा नाहीत. गिऱ्हाइकांना वाटतं सगळी करामत त्या रांगांत आहे, म्हणून ती रांगांवर तासभर वाद घालतात आणि दराकडे बघतही नाहीत. रांगा मांडून माझे डोळे गेले, तेव्हा मला विचार. करामत असते ती त्या एका दरात, आणि तो ठरवणार तू.

या वेळी तू मला रांगाही मांडू दिल्या नाहीस. मी आई आहे म्हणून माझा हात सैल पडेल म्हणे. आणि तू कोण होतास, पोस्टमन? आठवडाभर दार लावून बसलास. मी चहा आणला की स्क्रीन झाकायचास, जशी काही मीच परीक्षेला बसणार होते. आणि मग एका संध्याकाळी, मला एका शब्दाने न सांगता, तिला ईमेल केलीस. पानांवर पानं, तळाला तुझी सही, वर 'अर्जदार' आणि शेवटी निष्कर्ष, की प्रस्तावाचं आजचं मूल्य एकोणचाळीस लाख, मागणी चाळीस लाख, सबब गुंतवणूक शिफारसयोग्य नाही. जिला तू खांद्यावर बसवून बाजारातून हिंडवलीस तिला 'सबब' लिहिताना तुझा हात कसा रे अडखळला नाही?

ती दुसऱ्या दिवशी येऊन गेली. वाचलं म्हणाली, थँक्यू बाबा म्हणाली, चहाचा कप विसळून पालथा घातला आणि निघाली. तू दार लावून माझ्याकडे वळलास आणि कौतुकाने म्हणालास की बघ, किती समजूतदारपणे घेतलं. कपाळ माझं. ती गेट उघडून रस्त्यापर्यंत जाईतो मी खिडकीत होते, तू नव्हतास. तेव्हापासून ती फोनवर तुझ्याशी हवापाण्याचं बोलते, गुडघा कसा आहे विचारते, जेवलात का विचारते, आणि तू खूश. मी तिला म्हटलं, बँकेतली ठेव आम्हा दोघांच्या नावावर असली तरी निम्मी माझी आहे, मी माझा वाटा मोकळा करून देते. तर साफ नाही म्हणाली. दोघं असाल तरच हवंय म्हणाली. मला तेव्हा ते हट्टाचं वाटलं. बापाचीच मुलगी, म्हटलं, आणि तिच्यावरही थोडी चिडले.

मग मी तुझ्याच रांगा घेऊन बसले. तुझ्याच, माझा एक आकडा त्यात मिसळला नाही. अठराने कापल्या तर सेहेचाळीस लाख येतात. दर महिन्याला रोख भाडं येणाऱ्या, या आकाराच्या धंद्याला आपण आजवर अठराच लावत आलो. सायकली भाड्याने देणाऱ्या त्या गृहस्थाला तू अठराच लावले होतेस, आणि तो माणूस दर भेटीला घरचा पत्ता वेगळा सांगायचा. मग पोरीला चोवीस कुठून आले? मला वाटलं तुझ्या हातून टाइप करताना चूक झाली. खरं सांगते, मला आनंद झाला. चूक सापडली, आता दुरुस्त होईल, पोरीला फोन जाईल, असं सगळं मी मनात रंगवलं आणि चहाच्या वेळी तुला विचारलं. तू बिस्किट बुडवलंस, खाल्लंस, आणि शांतपणे म्हणालास, "अठरा धंद्याचे. सहा ती माझी मुलगी आहे म्हणून."

वर समजावून सांगितलंस. आपल्या माणसाचं सगळंच चांगलं दिसतं, डोळ्यावर झापड येते, म्हणून त्याची भरपाई आधीच करून ठेवावी. रस्त्यात सापडलेलं पाकीट परत करून आल्यासारखा तुझा चेहरा होता. मी आजवर नाना धोक्यांचे टक्के पाहिले. मालक म्हातारा आहे म्हणून दोन, सगळा धंदा एका गिऱ्हाइकावर आहे म्हणून तीन, गोदाम नदीकाठी आहे म्हणून एक. बाप आहे म्हणून सहा हे मी पहिल्यांदाच ऐकलं. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि कपबशा उचलून मी आत गेले. आत गेल्यावर नळ गळत होता.

तुझं हे आजचं नाही. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेला तू परीक्षक होतास. भिंगरी अशी बोलली होती की मागच्या रांगेतली मुलंसुद्धा गप्प झाली. इतर दोन परीक्षकांनी तिला पहिली धरली आणि तू एवढे कमी गुण दिलेस की ती दुसरी आली. पहिल्या आलेल्या मुलाची आई मला जिन्यात गाठून माफी मागायला लागली, इतकं ते सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. नंतर तिच्या पहिल्या नोकरीच्या वेळी त्या कंपनीतल्या तुझ्या मित्राने तुला सहज विचारलं की मुलगी कशी आहे. यावर एखादा बाप 'चांगली आहे' म्हणेल आणि मोकळा होईल. तू म्हणालास, ती माझी मुलगी असल्याने मी काही बोलू इच्छित नाही. आणि तेही अशा आवाजात की त्या बिचाऱ्याला वाटलं घरात काहीतरी भानगड आहे. नोकरी गेली ती गेलीच. लोक तुला हरिश्चंद्र म्हणतात, आणि तू तो मान मिरवतोस. हरिश्चंद्राच्या घरच्यांना कधी कुणी विचारलं का, कसं चाललंय म्हणून?

मी एक बिनतोड मुद्दा तयार केला होता, तू परत आलास की ऐकवायचा म्हणून. दर म्हणजे काय, तूच सांगतोस की जे आपल्याला माहीत नाही त्याची किंमत. परक्या माणसाचं आपल्याला काही माहीत नसतं, म्हणून त्याला दर जास्त. मग या पोरीबद्दल तुला काय माहीत नाही? ताप यायचा असला की तिचे कान आधी लाल होतात. खोटं बोलायची वेळ आली की वाक्य अर्ध्यावर सोडते. कुणाची वस्तू आणली तर स्वतः जाऊन परत देते, पावसापाण्याची फिकीर करत नाही. म्हणजे सहा टक्के वाढवायचे नाहीत, उलट कमी करायचे. मी हे भांडी घासताना घोकलं, भाजी आणताना घोकलं. वन्संनाही ऐकवलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्या म्हणाल्या, चांगलं झणझणीत आहे.

आणि मग मंगळवारी भिंगरीच्या गोडाऊनमध्ये बसल्या बसल्या तो मुद्दा माझ्याच हातातून निसटला. मंगळवारी आणि शनिवारी मी तिचे फोन घ्यायला जाते. तू दोनदा विचारलं होतंस की हल्ली वाचनालयात फार वेळ बसतेस का, तेव्हा हे तुला माहीत नसावं. टायरच्या दुकानाच्या मागे, लोखंडी शटर आहे. आत शिरलं की साबणाचा आणि ओल्या लोखंडाचा वास येतो. डाव्या हाताला खाटा धुवायची मोरी, तिथे पाण्याचा पाईप आणि चाकांतले केस काढायचे चिमटे. उजवीकडे वॉकर उंचीप्रमाणे उभे, समोरच्या भिंतीवर खिळ्यांना रिमोट टांगलेले, खाटेचा नंबर आणि रिमोटचा नंबर एकच. एका डब्यात खाटांच्या फटीत सापडलेल्या वस्तू असतात, केसांचे आकडे, चष्मे, कानाच्या मशीनचे सेल, अर्धवट सोडवलेली शब्दकोडी. ज्याचं त्याला पोचवायचं, हा तिचा नेम. कुठल्याही घरी नवी खाट जायची असली की ती आधी स्वतः जाऊन दाराची रुंदी आणि जिन्याचं वळण बघून येते. खाट लागली की बटण सगळ्यात आधी पेशंटच्या हातात देते. घरचे लोक हात पुढे करतात, मुलगा म्हणतो मला दाखवा, सून म्हणते मला दाखवा. ती म्हणते, तुम्हाला नंतर. पडून पडून कंटाळलेला माणूस स्वतःच्या बोटाने स्वतःचं डोकं वर घेतो, आणि मग इकडेतिकडे बघतो. हे मी एकदा तिच्याबरोबर जाऊन पाहिलं आणि बाहेर जिन्यात येऊन डोळे पुसले.

तुझ्या अहवालात तू लिहिलंस की जाहिरातीचा खर्च दाखवलेला नाही, हे अवास्तव आहे. आणि स्वतःच्या अंदाजाने तो दर वर्षी घातलास. अरे, ती जाहिरात करतच नाही. ज्या घरी माणूस गेला आणि म्हणून खाट परत आली, त्या घराला ती महिन्याचं उरलेलं भाडं परत देते, आणि तेही न मागता. ते तू भावनिक निर्णयांमुळे होणारी गळती म्हणून वजा केलंस. फोन मी घेते, नंबर कुणी दिला असं मीच विचारते, आणि निम्मे लोक अशाच एखाद्या घराचं नाव सांगतात. म्हणजे तू जाहिरातीचे पैसेही कापलेस आणि जाहिरातही कापलीस. मी मंगळवारी एक फोन ठेवला आणि तुझ्यावर मनातल्या मनात असा काही तोफखाना सुरू केला की भिंगरीने विचारलं, आई, ओठ काय हलवतेस?

पण त्याच वेळी माझ्या डोक्यात आलं की हे तुला कळणार तरी कसं? कागदावर यातलं काही नाही. कान लाल होणारी पोरगी तुला माहीत आहे. शटर उघडणारी, लोकांच्या जिन्यांची वळणं मोजणारी, पेशंटच्या हातात बटण देणारी बाई तुझ्या ओळखीची नाही. जे माहीत नाही त्याची किंमत सहा टक्के, तर तुझे सहा टक्के बरोबरच आहेत. फक्त त्यांचं कारण तू चुकीचं सांगितलंस. माझ्या डोक्याचा भुगा झाला तो यामुळे. भांडायला निघाले आणि तुझाच आकडा खरा निघाला.

आणि त्याच संध्याकाळी, म्हणजे काल, तुझा फोन आला. तू तिकडे दोन भावांच्या वाटणीसाठी शीतगृहाचं मोल काढायला गेला आहेस, हे मला कागदोपत्री माहीत होतं. पण तू काय उत्साहात होतास. कुणाचा तरी जाड कोट मागून घातलास आणि गोठणाऱ्या खोल्यांत शिरलास, गुडघा दुखत असताना. पोत्यांच्या थप्प्या स्वतः मोजल्यास. सगळ्यात जुन्या खोलीचं दार नीट लागत नाही आणि फटीला बर्फ धरतो, म्हणून तिथलं वीजबिल जास्त येतं, हे हिशोबात कुठेच नव्हतं, तुझ्या नजरेला पडलं. पहारेकऱ्याबरोबर बाकावर बसून चहा प्यायलास, तेव्हा त्याने सांगितलं की यंत्राचा आवाज हल्ली बदललाय. मला म्हणालास, कागदावर हे कधी कळलं असतं का? ऑफिसातल्या प्रत्येकाला तू बजावून ठेवलं आहेस की पाय लागल्याशिवाय सही नाही. कितीही लांबचं असो, कितीही लहान असो, जागेवर जाऊन आल्याशिवाय आपण आकडा देत नाही. याच नियमापायी तू लग्नाच्या वाढदिवसाला एका विटांच्या भट्टीवर होतास आणि मी एकटी जेवले. मी त्याबद्दल कधी ब्र काढला नाही, कारण नियम मलाही पटतो. काल मात्र तू त्या दाराच्या फटीचं वर्णन करत होतास आणि मी फोन हातात धरून उभी होते. पोरीचं शटर आपल्या दारापासून पायी वीस मिनिटांवर आहे. तिचा अहवाल तू घरात दार लावून लिहिलास आणि सही केलीस. तुझ्या इतक्या वर्षांतली न जाता केलेली ती एकच सही असेल.

आता मुद्दा, ज्याची तू पहिल्या ओळीपासून वाट बघतो आहेस. भिंगरी धंदा विकते आहे. परगावची मोठी कंपनी आहे, ती खाटा, गाळा, फोन नंबर, सगळंच घेणार, आणि हिने पुढची काही वर्षं त्यांच्या गावी जाऊन त्यांचं काम उभं करून द्यायचं. त्यांचा मूल्यांकनकार मागच्या आठवड्यात येऊन गेला. दोन दिवस गोडाऊनमध्ये ठाण मांडून होता म्हणे. एकेक खाट वरखाली करून बघितली, रिमोट भिंतीवर का टांगलेत ते विचारलं, तिच्याबरोबर एका घरी खाट पोचवायलाही गेला. आज सकाळी हे सांगताना तिचा चेहरा इतका फुलला होता की मला वाटलं किंमत भरमसाट आली असणार. किंमत चांगली आहे, तुझ्या दराची फजिती करण्याइतकी चांगली, पण ती किमतीचं बोलतच नव्हती. मी म्हटलं, अजून सही झाली नाही, मी बाबांना त्यांचे सहा टक्के मागे घ्यायला लावते, आपण दोघं पैसे घालू. ती एका रिमोटची वायर गुंडाळत होती. ती तशीच गुंडाळत म्हणाली, "आई, पैशाचं राहू दे. बाबा एकदा येऊन बघून गेले असते ना, तर नाही म्हणाले असते तरी चाललं असतं." म्हणून हे पत्र कुरियरने पाठवते आहे. दर बदल म्हणून सांगायला नाही. चोवीस ठेव, हवं तर तीस कर, मला आता त्या आकड्याचा वीट आला आहे. तिने विकावं की नाही यातही मी पडणार नाही, ती तिची अक्कल, आणि ती भरपूर आहे. पण शुक्रवारी दुपारी ती सही करणार आहे. एकदा सही झाली की ती जागा परक्यांची होईल, आणि परक्यांची झाली की तू कधी ना कधी ती बघायला जाशीलच, दोन दिवस काढून, गुडघा दुखत असला तरी. त्याच्या आधी ये.

तुझीच,
भिंगरीची आई